हाल्डेन यांचा उघडा हिशेब

१९४९ साली इंग्लंडमध्ये एक वादग्रंथ प्रसिद्ध झाला. उत्क्रांती ही दंतकथा आहे काय, असा प्रश्न त्याच्या नावातच विचारलेला होता. एका पक्षात दोघे होते. डग्लस ड्युअर हे हिंदुस्थानात सनदी नोकरी करून निवृत्त झालेले अधिकारी. येथील पक्ष्यांवर त्यांनी अनेक पुस्तके लिहिली होती. त्यांचे सहकारी लेफ्टनंट कर्नल मर्सन डेव्हिस यांनी लष्करी नोकरीच्या काळात वायव्य सरहद्द प्रांतातील खडक आणि जीवाश्म यांचा अभ्यास केला होता. सजीव सृष्टी ईश्वराने निर्माण केली, ती आपोआप उत्क्रांत झालेली नाही, असे दोघांचेही ठाम मत होते. प्रतिपक्षी एकटाच होता: लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील प्राध्यापक जे. बी. एस. हाल्डेन. ते निरीश्वरवादी होते, कम्युनिस्ट होते आणि त्या काळातील अग्रगण्य आनुवंशिकीतज्ज्ञ होते. वाद घालणाऱ्या तिघांपैकी दोघे भारतातून इंग्लंडला परतलेले होते. तिसरा आठ वर्षांनी इंग्लंड सोडून कायमचा भारतात आला.

ड्युअर आणि डेव्हिस यांना अडाणी धर्मवेडे समजणे चुकीचे ठरेल. एकाला पक्षी ठाऊक होते, दुसऱ्याला जीवाश्म. त्यांचे आक्षेपही पोकळ नव्हते. दोन प्राणिवर्गांना जोडणारे मधले दुवे कोठे आहेत? अर्धवट बनलेला अवयव निरुपयोगी असेल, तर तो पुढच्या पिढीपर्यंत टिकेलच कसा? अशा प्रश्नांना उत्तर देताना उत्क्रांतिवादाचे कैवारी पुष्कळदा प्रतिपक्षाच्या धर्मश्रद्धेची टिंगल करून मोकळे होतात. टिंगल करण्यात हाल्डेनही मागे नव्हते. त्यांची जीभ फार तिखट होती. परंतु त्यांनी एक गोष्ट अशी केली की जी वादात सहसा कोणी करीत नाही. आपला पराभव कोणत्या पुराव्याने होईल, हे त्यांनी आपणहून सांगून ठेवले.

हा स्वभाव त्यांनी वडिलांकडून घेतला असावा. जॉन स्कॉट हाल्डेन हे ऑक्सफर्डचे नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञ. खाणीतील विषारी वायूंचा अभ्यास ते स्वतः त्या वायूंत श्वास घेऊन करीत आणि मुलालाही बरोबर नेत. ५ नोव्हेंबर १८९२ रोजी जन्मलेल्या या मुलाने पुढे ऑक्सफर्डला गणित आणि अभिजात भाषा-तत्त्वज्ञान हे विषय घेतले. विज्ञानाची पदवी त्याने कधीच मिळवली नाही, हे विद्यापीठांच्या निवड समित्यांवर बसणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात जखमी झाल्यावर विश्रांतीसाठी त्यांना भारतात धाडण्यात आले. हा त्यांचा पहिला भारतप्रवास. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पाणबुड्यांतील खलाशांसाठी त्यांनी स्वतःला दाबाच्या पोलादी कोठडीत कोंडून प्रयोग केले आणि त्यात पाठीच्या मणक्यांना कायमची इजा करून घेतली.

त्यांचे खरे कार्य मात्र कागदावर झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी डार्विनच्या सिद्धांताची स्थिती बिकट होती. उत्क्रांती घडली हे बहुतेक जीवशास्त्रज्ञांना मान्य होते. ती नैसर्गिक निवडीने घडली, हे मात्र अनेकांना पटत नव्हते. एवढ्याशा फायद्याने एवढा मोठा बदल कसा होणार, ही त्यांची शंका होती. या शंकेला शब्दांनी उत्तर देता येत नाही, आकड्यांनीच द्यावे लागते. १९२४ पासून हाल्डेन यांनी शोधनिबंधांची एक मालिका लिहिली आणि तिचा सारांश १९३२ साली उत्क्रांतीच्या कारणांवरील ग्रंथात दिला. आर. ए. फिशर आणि अमेरिकेतील सूअल राइट हे याच वाटेने चालले होते. एखाद्या प्रभावी जनुकाने धारकाला हजारात एक इतकाच फायदा दिला, तरी त्याच्या धारकांचे प्रमाण एक टक्क्यावरून पन्नास टक्क्यांवर यायला सुमारे ४,८०० पिढ्या पुरतात, असे हे गणित सांगते. चक्रवाढ व्याज ज्याला कळते त्याला यात आश्चर्य वाटू नये. भूगर्भशास्त्राच्या मापाने ४,८०० पिढ्या म्हणजे डोळ्याचे पाते लवणे.

१९२४ सालीच त्यांनी एका पतंगाचाही हिशेब मांडला. मिरपूड शिंपडल्यासारख्या दिसणाऱ्या या फिकट पतंगाचा काळा प्रकार मँचेस्टरमध्ये १८४८ साली नोंदला गेला. शतक संपण्याच्या आत त्या परिसरातील बहुतेक सर्व पतंग काळे झाले. एवढ्या थोड्या पिढ्यांत हे घडायचे, तर काळ्या पतंगांची जगणारी संतती फिकट्यांपेक्षा निम्म्याने अधिक हवी, असा निष्कर्ष हाल्डेन यांनी केवळ कागद-पेन्सिलीने काढला. निसर्गात निवड इतकी कडक असेल यावर तेव्हा सहजी विश्वास बसण्यासारखा नव्हता. काजळीने काळवंडलेल्या झाडांवर पक्षी फिकट पतंग वेचून खातात, हे केटलवेल यांनी १९५३ पासून रानात प्रयोग करून दाखवले. त्या प्रयोगांतील उणिवा पुढे दाखवल्या गेल्या आणि सृष्टिनिर्मितिवाद्यांनी त्यांचा गाजावाजा केला. तेव्हा मायकेल मॅजेरस या संशोधकाने २००१ ते २००७ अशी सात वर्षे तेच काम अधिक काटेकोरपणे केले. त्यांच्या मृत्यूनंतर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी पक्ष्यांची साक्ष पक्की केली.

हाल्डेन यांचा निरीश्वरवाद त्यांच्या कामाच्या पद्धतीतून आलेला होता. प्रयोगशाळेत कोणी देव, देवदूत किंवा सैतान मध्ये हस्तक्षेप करणार नाही, असे धरूनच शास्त्रज्ञ प्रयोग मांडतो आणि त्याचा अनुभव त्याला दगा देत नाही. मग प्रयोगशाळेबाहेरच्या व्यवहारात तरी त्याने वेगळे का धरावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुष्कळ शास्त्रज्ञांना तो मान्य होणार नाही. फिशर स्वतः श्रद्धावान अँग्लिकन होते, आणि त्यामुळे त्यांची समीकरणे अडली नाहीत. हाल्डेन यांच्या नावावर काही आख्यायिकाही आहेत. एका पेशीपासून मानवी देह बनणे अब्जावधी वर्षांतही अशक्य आहे, असे म्हणणाऱ्या एका बाईंना त्यांनी, बाई, आपण स्वतः ते नऊ महिन्यांत करून दाखवले आहे, अशी आठवण करून दिली म्हणे. कॅम्ब्रियनपूर्व खडकांत, म्हणजे ५४ कोटी वर्षांहून जुन्या थरांत, सशाचा जीवाश्म सापडला तर आपण उत्क्रांतिवाद सोडू, हे उत्तरही त्यांच्याच नावावर सांगितले जाते. किस्सा खरा असो वा नसो, वृत्ती त्यांचीच आहे.

याचा लेखी दाखला १९४९ च्या वादात मिळतो. पुरेसे पूर्ण होईपर्यंत ज्याचा काहीच उपयोग नाही, असे यंत्र निसर्गनिवडीने बनू शकणार नाही, हे त्यांनी मान्य केले आणि चाक व चुंबक ही दोन उदाहरणे दिली. प्राण्यांत चाक नाही, चुंबक नाही, हे त्यांना सिद्धांताच्या बाजूचे वाटले. पण १९७३-७४ मध्ये जिवाणूची शेपटी खरोखरच मुळाशी फिरते, असे सिद्ध झाले. १९७५ साली पोटात चुंबकीय स्फटिकांची माळ बाळगणारे जिवाणू वर्णिले गेले. आता तर हाल्डेन यांच्याच शब्दाने त्यांना बांधता येते, असा आनंद विरोधकांना झाला. अमेरिकेत डोव्हर येथील शाळेच्या खटल्यात २००५ साली ही फिरती शेपटी साक्षीदारांच्या पिंजऱ्यापर्यंत पोहोचली, आणि तेथे तिचा निभाव लागला नाही. कारण हाल्डेन यांची अट केवळ चाक असण्याची नव्हती; अपुरे चाक निरुपयोगी असण्याची होती. शेपटीच्या यंत्रातील अनेक प्रथिनांची भावंडे इतर जिवाणूंत पदार्थ बाहेर ढकलण्याची कामे करताना आढळतात, आणि चुंबकाचे चार-दोन स्फटिकही दिशा थोडीफार दाखवतातच. निसर्गात काय काय आहे याचा हाल्डेन यांचा अंदाज चुकला. त्यांनी लावलेली कसोटी मात्र चुकली नाही.

विरोधकांनी दिलेल्या आव्हानांचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. जमिनीवरचा चतुष्पाद हळूहळू देवमासा होणे कल्पनेतही शक्य नाही, असे ड्युअर लिहीत. डेव्हिस यांनी ज्या कोहाट भागाच्या भूरचनेवर निबंध लिहिला होता, त्याच कोहाट जिल्ह्यातील खडकांत पाकिसिटस या देवमाशाच्या पायाळ पूर्वजाची कवटी सापडली आणि १९८१ साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. उत्तर डेव्हिस यांच्या पायाखालीच होते.

१९४९ हेच वर्ष हाल्डेन यांच्या आयुष्यातील दोन अगदी निराळ्या गोष्टींचेही आहे. त्या वर्षी त्यांनी असे सुचवले की भूमध्य समुद्राच्या काठी रक्ताचा थॅलसेमिया हा आनुवंशिक विकार टिकून राहतो, त्याचे कारण हिवताप असावे: सदोष जनुकाची एकच प्रत असलेल्याला हिवतापापासून संरक्षण मिळते, दोन्ही प्रती असलेला आजाराने दगावतो. ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतील सिकलसेलबाबत हेच दाखवून दिले. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात ज्या घरांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, तेथे हे गणित पुस्तकी राहत नाही. कुशल कारागिराने मुद्दाम केलेली ही योजना म्हणावी, तर तो कारागीर फारच निर्दय ठरतो.

दुसरी गोष्ट त्यांना शोभणारी नव्हती. सोव्हिएत रशियात लायसेंको याने आनुवंशिकीलाच भांडवलशाही थोतांड ठरवले होते. १९२८ साली हाल्डेन यांना रशियात बोलावणारे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव्ह १९४३ मध्ये तुरुंगात मरण पावले होते. १९४८ च्या ऑगस्टमध्ये लायसेंकोचे मत हे रशियाचे अधिकृत मत झाले. त्याच वर्षी बी.बी.सी.वरील चर्चेत फिशर आणि डार्लिंग्टन यांनी लायसेंकोवर कडक टीका केली. हाल्डेन यांनी संदिग्ध भाषा वापरली. ड्युअरकडे ज्या चोखपणे पुरावा मागितला, तो चोखपणा पक्षाच्या बाबतीत त्यांनी दाखवला नाही. १९५० च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले, पण तेही गाजावाजा न करता. ईश्वर नाकारल्याने माणूस आपोआप निःपक्षपाती होतो, असे मानणाऱ्या विवेकवाद्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

१९५७ साली प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. सुएझवरील ब्रिटिश आक्रमणाचा निषेध म्हणून आपण देश सोडत आहोत, असे त्यांनी जाहीर केले. येथे ते धोतर-कुडता घालू लागले, शाकाहारी झाले आणि पुढे भारतीय नागरिक झाले. महागड्या उपकरणांची वाट पाहत न बसता फुलांच्या पाकळ्या मोजा, पक्ष्यांची घरटी पाहा, असे ते विद्यार्थ्यांना सांगत. याच देशात २०२३ साली अभ्यासाचा भार कमी करण्याच्या कारणाने दहावीच्या केंद्रीय विज्ञान-पाठ्यपुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला आणि १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांना जाहीर पत्र काढावे लागले. तो भाग बारावीच्या जीवशास्त्रात राहिला, हे खरे. पण दहावीनंतर वाणिज्य किंवा कला शाखेकडे जाणाऱ्या मुलांची त्याच्याशी पुन्हा गाठ पडण्याचा संभव उरला नाही.

१९५७ मध्येच त्यांनी निसर्गनिवडीच्या किमतीवरील निबंध लिहिला. जुन्या जनुकाची जागा नव्याने घ्यायची, तर जुन्याच्या धारकांचे वंश खुंटले पाहिजेत. या बदलापायी होणाऱ्या मृत्यूंची बेरीज त्यांनी केली, तेव्हा ती सर्वसाधारणपणे एका पिढीच्या लोकसंख्येच्या तीसपट भरली. प्रत्येक पिढीला यासाठी आपला दहावा हिस्साच खर्ची घालता येतो असे धरले, तर एका बदलाला ३०० पिढ्या लागतात. फायद्याचे गणित मांडणाऱ्याने खर्चाची बाजूही तितक्याच निष्ठेने लिहिली, आणि आपल्या निष्कर्षांत पुढे मोठी दुरुस्ती करावी लागेल, हेही त्याच निबंधात नमूद केले. १९९३ साली वॉल्टर रिमाइन या अमेरिकन सृष्टिनिर्मितिवाद्याने हेच पान विरुद्ध बाजूने पुढे केले: एक कोटी वर्षांत, वीस वर्षांची पिढी धरून, जेमतेम १,६६७ बदल होतील, तेवढ्यावर वानरसदृश पूर्वजाचा माणूस कसा होईल?

या प्रश्नाचे उत्तर रिमाइनच्या पंचवीस वर्षे आधीच आलेले होते. जपानच्या किमुरा यांनी १९६८ साली हाल्डेन यांचीच किंमत आधाराला घेऊन म्हटले की, रेणूंच्या पातळीवरील बहुतेक बदल फायद्याचेही नसतात आणि तोट्याचेही नसतात; ते योगायोगाने स्थिर होतात, म्हणून त्यांची किंमत मोजावीच लागत नाही. त्याच वर्षी हाल्डेन यांचे शिष्य जॉन मेनार्ड स्मिथ यांनी गुरूच्या हिशेबातील एक गृहीत तपासले. निवड प्रत्येक जनुकावर सुटीसुटी होत नाही. अनेक दुबळी जनुके एकाच प्राण्यात गोळा झाली, तर एका मृत्यूने अनेक देणी एकदम फिटतात. माणूस आणि चिंपांझी यांच्या जनुकद्रव्यातील कोट्यवधी फरकांपैकी बहुसंख्य फरक किमुरा यांच्या विनाखर्च खात्यात जातात, असे आज मानले जाते.

या दुरुस्त्या पाहायला हाल्डेन राहिले नाहीत. महालनोबीस यांच्याशी मतभेद झाल्यावर त्यांनी १९६१ मध्ये सांख्यिकी संस्था सोडली आणि ओरिसा सरकारने दिलेली भुवनेश्वरची प्रयोगशाळा उभारायला घेतली. जीवशास्त्रातील गणित म्हणजे पिशवीतील रंगीत मणी मोजणे, या एर्न्स्ट मायर यांच्या टीकेला त्यांनी १९६४ साली, कर्करोगाने आजारी असतानाही, सविस्तर उत्तर लिहिले. त्याच वर्षी १ डिसेंबरला भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह काकिनाडा येथील रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला. किमतीवरचा तो निबंध ज्या नियतकालिकात छापला गेला आणि ज्याचे संपादन त्यांनी इंग्लंडहून आपल्याबरोबर भारतात आणले, ते १९८५ पासून बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी काढते.