अंगणात भरलेली शाळा

थंडी पडू लागली, की कोथरूडमधल्या बालवाड्यांना स्नेहसंमेलनाचे वेध लागतात. भाड्याचे पोशाख येतात, ध्वनिफितीवर नाच बसतात. संमेलन संपले की गाणेही संपते आणि मुले पुन्हा अक्षरे गिरवू लागतात. गाणे हेच शिक्षण होऊ शकते, असे मानून ज्यांनी अख्खे आयुष्य वेचले, त्या ताराबाई मोडकांची आठवण अशा वेळी होते.

ताराबाईंचा जन्म 1892 चा, मुंबईतला. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचे. 1914 मध्ये त्या पदवीधर झाल्या. संसारात दुरावा आला तेव्हा त्या मुलीला घेऊन स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाची प्रतिष्ठेची नोकरी त्यांना मिळाली होती. ती सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. हिशेबी माणसाला हा आतबट्ट्याचा व्यवहार वाटेल. पण तिथेच त्यांना त्यांचे काम सापडले. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले.

मादाम मॉन्टेसरींची पद्धत त्यांनी मनापासून स्वीकारली, पण जशीच्या तशी नाही. मॉन्टेसरींची साधने महाग होती. गीत, नृत्य, नाट्य, गोष्टी आणि चित्रे यांना ताराबाईंनी बालशाळेत मानाचे पान दिले. तालावर पावले टाकताना मूल अंग सावरायला शिकते, बडबडगीतातून त्याची जीभ वळते, माती मळताना बोटांत बळ येते आणि त्याच बोटांत उद्या लेखणी धरायची असते. कला हा अभ्यासातला विरंगुळा नव्हे, अभ्यासाची ती पहिली पायरी आहे, ही त्यामागची दृष्टी.

या दृष्टीची खरी कसोटी पुढेच लागली. 1945 मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे दोघी डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली मुले शाळेत येईनात. कुणी गुरे राखी, कुणी धाकटे भावंड सांभाळी. तेव्हा ताराबाईंनी शाळाच मुलांकडे नेली. झोपडीपुढच्या अंगणात अंगणवाडी भरली, गुरे चरत तिथे कुरणशाळा. शिंपले, बिया, पाने, खडे आणि माती हीच साधने झाली. ज्या घरांतल्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने चित्रे उमटत आणि सणाला तारप्याच्या सुरावर फेर धरला जाई, त्या घरांतल्या मुलांना गाण्यातून, नाचातून शिकणे परके वाटण्याचे कारण नव्हते. परकी होती ती चार भिंतींतली शाळा.

1962 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि 1973 मध्ये त्या गेल्या. 1975 मध्ये सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. 2020 च्या शैक्षणिक धोरणातही कलेतून शिक्षणाचा आग्रह आहे.

नाव देशभर गेले, धोरणही कागदावर आले. पण कलेला पैसा लागतो, सवड लागते, ही आपली सबब अजून सुटलेली नाही. ताराबाईंनी ती कोसबाडच्या अंगणात, मूठभर चिंचोक्यांएवढ्या भांडवलावर, केव्हाच खोडून काढली आहे. आपल्या मुलांना वर्षातून एक दिवसाचे गाणे द्यायचे की रोजचे, एवढेच ठरवायचे आहे.