रुस्तम जाल वकील

डॉ. रुस्तम जाल वकील (१९११–१९७४) हे मुंबईतील हृदयरोगतज्ज्ञ, संशोधक व लेखक होते. सर्पगंधा या भारतीय वनस्पतीचा उच्च रक्तदाबावरील उपयोग रुग्णांवरील पद्धतशीर निरीक्षणांद्वारे जगापुढे मांडणारे वैद्य म्हणून ते ओळखले जातात. १९५७ सालचा लास्कर पुरस्कार त्यांना मिळाला. हा पुरस्कार मिळविणारे ते पहिले भारतीय होत.

कारकीर्द

वकील यांचा जन्म पारशी कुटुंबात झाला. इंग्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतल्यानंतर ते मुंबईस परतले. परळ येथील के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी रुग्णसेवा व अध्यापन केले.

त्या काळी उच्च रक्तदाबावर खात्रीचा उपाय नव्हता. मीठवर्ज्य आहार, विश्रांती, गुंगीची औषधे आणि काही रुग्णांत मज्जातंतू छेदण्याची मोठी शस्त्रक्रिया, एवढेच मार्ग उपलब्ध होते.

सर्पगंधेवरील संशोधन

सर्पगंधेचे मूळ आयुर्वेदात व लोकवैद्यकात पूर्वीपासून वापरात होते. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी मनोविकार व रक्तदाब यांवरील तिच्या परिणामाची नोंद केली. त्याच वर्षी सलीमुझ्झमान सिद्दीकी व रफत हुसेन सिद्दीकी यांनी तिच्या मुळांतून अनेक अल्कलॉइडे वेगळी केली.

वकील यांनी अनेक वर्षे आपल्या रुग्णांना हे औषध देऊन पाहिले. त्यांपैकी ५० रुग्णांच्या निरीक्षणांवर आधारलेला त्यांचा निबंध १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बहुतेक रुग्णांचा रक्तदाब काही आठवड्यांत उतरल्याचे त्यात दाखविले होते. औषधाची मात्रा, उपचारापूर्वीचा व नंतरचा रक्तदाब आणि दुष्परिणाम यांच्या नोंदींमुळे परंपरेतील मुळी इतर देशांतील डॉक्टरांनाही पडताळून पाहता येईल असे औषध ठरली. पुढे बोस्टन येथे रॉबर्ट विल्किन्स यांनी तिचा वापर सुरू केला. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातील रेसरपिन हे प्रमुख द्रव्य वेगळे केले.

औषधाचे गुणदोष

रेसरपिन मज्जातंतूंच्या टोकांशी असलेला नॉरअॅड्रिनलिनचा साठा कमी करते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात व नाडी मंदावते. हा परिणाम सावकाश दिसतो. म्हणून लगेच गुण आला नाही तर मात्रा वाढविणे धोक्याचे असते. नाक चोंदणे, सुस्ती व जुलाब हे त्याचे दुष्परिणाम आहेत. मोठ्या मात्रेत दिल्यावर काही रुग्णांत नैराश्य आढळले. त्यामुळे मात्रा कमी ठेवण्याचा व नैराश्याच्या रुग्णांना हे औषध न देण्याचा संकेत रूढ झाला. मुळांतील द्रव्याचे प्रमाण झाडागणिक बदलते. म्हणून सर्पगंधेचे चूर्ण स्वतःच्या अंदाजाने घेणे सुरक्षित नाही.

उच्च रक्तदाबाच्या अनेक रुग्णांना कोणताही त्रास जाणवत नाही. त्यामुळे औषध घेऊन खरोखर काय लाभ होतो, हा प्रश्न बराच काळ खुला होता. १९६७ साली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १४३ पुरुषांवर झालेल्या चाचणीत रेसरपिनसह तीन औषधे एकत्र देण्यात आली. औषधोपचार मिळालेल्यांत पक्षाघात, हृदयविफलता यांसारखे गंभीर प्रसंग कितीतरी कमी घडले. बरे वाटत असतानाही औषध नियमित घ्यावे, आपल्या मनाने बंद करू नये आणि रक्तदाब मोजून मात्रा ठरवावी, या आजच्या सल्ल्यामागे अशा चाचण्यांचा आधार आहे. नवी औषधे आल्यावर रेसरपिनचा वापर पुष्कळ कमी झाला.

लेखन व सन्मान

वकील यांनी अस्पी गोलवाला यांच्यासह रुग्णतपासणीवरील पाठ्यपुस्तक लिहिले. भारतीय वैद्यांच्या संघटनेने काढलेल्या वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीचे ते संपादक होते. भारत सरकारने १९५८ साली त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. १९६५ साली त्यांना वैद्यकशास्त्रासाठीचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. १९७४ साली त्यांचे निधन झाले.