ढगांचा अभ्यासक, ज्याने आभाळातून शेत पाहायला शिकवलं

मानपाडा : पावसाळ्यात मानपाड्यावर ढग दाटले की आभाळातल्या साध्या कॅमेऱ्याला खालचं काहीच दिसत नाही. रडार उपग्रहाला मात्र दिसतं. आभाळातून पीक पाहायची सुरुवात देशात ज्यांनी केली, ते डॉ. पी. आर. पिशारोटी.

जन्म १९०९ चा, केरळातला. सी. व्ही. रामन यांच्याकडे संशोधन केलं, मग हवामान खात्यात लागले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे ते संचालक होते. १९६२ मध्ये पुण्यात हवामान संशोधन संस्था निघाली, तिचे पहिले संचालकही तेच. सगळी नोकरी मान्सून समजून घेण्यात गेली.

निवृत्तीनंतर विक्रम साराभाईंनी त्यांना अहमदाबादला बोलावलं. तेव्हा केरळात नारळीच्या बागा मूळरोगाने जात होत्या. जमिनीवरून रोग ओळखेपर्यंत उशीर व्हायचा. पिशारोटींच्या चमूने हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड फिल्मवर फोटो घेतले. निरोगी झाडं लाल उठून दिसली, आजारी फिकी पडली. देशातल्या दूरसंवेदनाचा पाया इथेच पडला.

पण ढग आले की हा कॅमेरा आंधळा. रडार स्वतःच लहरी सोडतं. त्या ढगातून, रात्रीही आरपार जातात. साचलेल्या पाण्यावरून त्या दुसरीकडे निसटतात, म्हणून बुडालेलं शेत चित्रात काळं दिसतं.

२००२ मध्ये पिशारोटी गेले. भारताचा रिसॅट-१ हा रडार उपग्रह २०१२ मध्ये उडाला. ३० जुलै २०२५ ला निघालेला निसार तीच जागा १२ दिवसांत दोनदा पाहतो. ज्या ढगांचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला, ते ढग आता शेताच्या आड येत नाहीत.