धीराचा गोलंदाज : पालवणकर बाळू

रात्री जेवणे आटोपून दिवा मंद झाला म्हणजे लहान मुले गोष्टीसाठी वडील मंडळींभोवती जमतात. अशा वेळी राजपुत्रांच्या व राक्षसांच्या कथा पुष्कळदा सांगण्यात येतात, आणि त्यांत वावगे काहीच नाही. परंतु जी ऐकता ऐकता मुलाचे मन शांत व्हावे आणि सकाळी उठताना त्याच्या अंगी थोडा अधिक धीर यावा, अशी गोष्ट हवी असेल तर ती क्रीडांगणाच्या इतिहासातही सापडते. पालवणकर बाळू यांचे चरित्र अशाच गोष्टींपैकी एक होय.

बाळू यांचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे, म्हणून आडनाव पालवणकर. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजात ते जन्मास आले. वडील लष्करी खात्यात नोकरीस असल्यामुळे कुटुंब पुण्यास राहू लागले. तेथे गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या चेंडूफळीच्या साहित्यावर बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांनी खेळाचे पहिले धडे गिरविले.

घरची स्थिती बेताची असल्याने बाळूंना लहानपणीच चाकरी धरावी लागली. प्रथम पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडणे व खेळपट्टीवर रूळ फिरविणे हे काम त्यांना दरमहा ३ रुपयांवर मिळाले. पुढे १८९२ साली ते युरोपियनांच्या पूना क्लबात दरमहा ४ रुपयांवर लागले. तेथे जाळी बांधावी, पट्टी आखावी, टेनिसच्या मैदानाची निगा राखावी, असा त्यांचा दिनक्रम असे. मधून मधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकण्याचेही काम त्यांजकडे आले, आणि या संधीचे त्यांनी सोने केले. ते डाव्या हाताने संथ चेंडू टाकीत. त्यांच्या चेंडूत जोर नव्हता, पण टप्पा अचूक असे, आणि जमिनीवर पडताच चेंडू कोणीकडे वळेल याचा फलंदाजास अंदाज येत नसे.

त्या क्लबात ग्रेग नावाचे एक नामांकित फलंदाज होते. ते इतरांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करीत. बाळूंनी त्यांस बाद केले की दर वेळी ते ८ आणे बक्षीस देत, असे सांगतात. मात्र इतकी वर्षे चेंडू टाकूनही त्या जाळीत बाळूंच्या हाती कोणी कधी बॅट दिली नाही. चाकराने चेंडू टाकावा आणि साहेबाने तो टोलवावा, अशीच तेथील रीत होती. बाळूंनी मनात कुढत न बसता जे हाती होते त्यातच पराकाष्ठेचे प्रावीण्य मिळविले.

त्यांची कीर्ती शहरात पसरली तेव्हा पुण्याच्या हिंदू क्लबापुढे मोठा पेच पडला. युरोपियनांना हरवावयाचे तर बाळू संघात पाहिजेत. आणि बाळूंना घ्यावयाचे तर रूढी आड येते. बऱ्याच वादानंतर त्यांस संघात घेण्यात आले. मैदानावर सर्वजण एकाच चेंडूस हात लावीत. परंतु चहाची वेळ झाली की इतर खेळाडू मंडपात बसून कपातून चहा घेत, आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या भांड्यातून मिळे. जेवणाचे पानही त्यांचे निराळे मांडीत.

गोष्ट ऐकणारे मूल येथे थांबून असे का म्हणून विचारील. वडीलधाऱ्यांनी हा भाग वगळू नये, की त्यावर पांघरूण घालू नये. ज्याच्या बळावर सामना जिंकावयाचा त्यालाच पंक्तीबाहेर बसवावयाचे हा अन्याय होता, असे त्यास शांतपणे व स्पष्टपणे सांगावे. मोठ्यांच्याही हातून अन्याय होतो हे ज्या मुलास वेळेवर कळते, ते पुढे स्वतःवर तसा प्रसंग आला असता स्वतःस कमी लेखीत नाही. अनेक सामने बाळूंच्या गोलंदाजीने जिंकले गेल्यावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचा जाहीर गौरव केला, आणि ज्याच्याबरोबर आपण खेळतो त्याच्याबरोबर बसून खाण्यापिण्यास हरकत कसली, असा विचार सहकाऱ्यांपुढे मांडला.

पुण्यात प्लेगची साथ आल्यानंतर बाळू मुंबईस गेले. तेथे हिंदू जिमखान्यातही त्यांच्या प्रवेशास काहींनी हरकत घेतली. पण अखेर खेळाचे गुणच वरचढ ठरले. १९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईस हिंदू व युरोपियन यांच्यात सामना झाला. हिंदूंनी २४२ व १६० धावा केल्या. युरोपियन संघ १९१ व १०२ धावांत बाद झाला. १०९ धावांनी मिळालेल्या या विजयात बाळूंनी दोन्ही डाव मिळून ८ गडी बाद केले. बंधू शिवराम हेही त्या संघात होते. राज्यकर्त्यांच्या संघावर मिळविलेल्या या जयाची वार्ता देशभर पोहोचली.

पुढे १९११ साली हिंदू, मुसलमान व पारशी खेळाडूंचा मिळून पहिला अखिल भारतीय संघ पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेला. हवा परकी, मैदाने अपरिचित. संघाने जिंकले त्याहून हरलेलेच सामने पुष्कळ अधिक होते. परंतु हरत्या संघातही बाळू रोज त्याच निष्ठेने चेंडू टाकीत राहिले. दौरा संपला तेव्हा त्यांच्या नावावर ११४ बळी जमा होते. संघ हरला तरी आपले काम हरत नाही, हे त्यांनी त्या उन्हाळ्यात दाखवून दिले.

एवढा मोठा खेळाडू. तेव्हा हिंदू संघाचे नायकत्व त्यांस मिळाले असेल असे कोणासही वाटेल. तसे झाले नाही. वर्षे लोटली, त्यांच्यामागून आलेले पुढे गेले, आणि नायकत्व दर वेळी अन्य कोणास देण्यात आले. १९१३ साली नायक झालेल्या पै यांनी तर हा मान खरोखर बाळूंचा आहे असे जाहीरपणे बोलून दाखविले. १९२० साली बाळूंना संघातूनच वगळण्यात आले, आणि त्यांचे बंधू विठ्ठल यांचाही नायकत्वाचा हक्क डावलण्यात आला. तेव्हा शिवराम व विठ्ठल या दोघा बंधूंनी खेळण्यास नकार दिला व आपली बाजू लोकांपुढे मांडली. धीर धरणे म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे. लोकमत खवळले. पुढील सामन्यासाठी बाळूंना उपनायक नेमून परत बोलाविण्यात आले, आणि नायक काही वेळ मैदानाबाहेर गेले असता संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. आयुष्यभर नाकारलेला मान त्यांना मिळाला तो एवढाच.

तथापि वडील भावाने पेरलेले धाकट्याच्या पदरी पडले. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे नायक झाले, आणि त्या वर्षीच्या चौरंगी स्पर्धेत त्यांच्या संघाने युरोपियनांचा पराभव केला. विजयानंतर सहकाऱ्यांनी विठ्ठल यांस खांद्यावर घेतले. ज्या घरातील थोरल्या भावास एके काळी मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळत होता, त्याच घरातील धाकट्यास उच्चवर्णीय खेळाडूंनी उचलून घेतले. मधल्या काळात अवघी पंचवीस-तीस वर्षे गेली होती.

उत्तरायुष्यात बाळू सार्वजनिक कार्यात पडले. १९३७ च्या मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे राहिले व ११,२२५ विरुद्ध १३,२४५ मतांनी पराभूत झाले. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ गडी बाद केले होते.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. परीक्षेत अपयश आले, संघात नाव लागले नाही, किंवा कोणी हिणविले, तर बाळूंचे स्मरण करावे. मागचा चेंडू फलंदाजाने सीमेपार धाडला म्हणून गोलंदाज मैदान सोडीत नाही. तो चेंडू पुसून पुन्हा आपल्या खुणेवर उभा राहतो आणि पुढचा चेंडू अधिक नीट टाकतो. आत्मविश्वास एका विजयाने येत नाही. रोजच्या, कोणी न पाहिलेल्या सरावातून तो मुरत जातो.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची. आपणांपैकी पुष्कळजण केव्हा ना केव्हा मंडपात बसलेल्यांच्या बाजूस असतात. बंधुभावाची शिकवण प्रार्थनेच्या वेळी सर्वांनीच ऐकलेली असते; तिची परीक्षा मात्र खेळ संपल्यावर, चहाच्या वेळी होते. तेव्हा आपल्या संघातील कोणी गडी बाहेर उभा आहे काय हे आधी पाहावे, आणि असल्यास उठून त्यास आपल्या शेजारी जागा द्यावी.