ठिणगीवाला केटरिंग

चाकणला आज लाइनवरून उतरणाऱ्या कारमध्ये डिस्ट्रिब्युटर शोधू नका, सापडणार नाही. तो बघायचा तर चिंचवडच्या एखाद्या गॅरेजात जुनी पद्मिनी गाठा. बॅटरी, कॉइल आणि कॅपखालचे पॉइंट, ही जोडणी रूढ केली चार्ल्स केटरिंग यांनी.

जन्म १८७६चा, ओहायोतल्या शेतकरी घरातला. डोळ्यांच्या त्रासाने इंजिनीअरिंग अर्धवट सुटलं. तुमचा इयर डाऊन झालाय? मग पुढचं नीट वाचा. पठ्ठ्याने टेलिफोनच्या लाइनवर काम केलं, परत कॉलेज गाठलं आणि १९०४ मध्ये, २७व्या वर्षी डिग्री घेतली. त्यांचं इग्निशन १९१०च्या कॅडिलॅकमध्ये बसलं. १९१२ मध्ये सेल्फ-स्टार्टर आला, हँडल मारणं सुटलं.

ठिणगी पिस्टन वर पोचायच्या जरा आधी पडावी लागते; वेग वाढला की आणखी आधी. टायमिंग चुकलं की इंजिन नॉक करतं. म्हणूनच कॅडिलॅक नॉक करू लागली तेव्हा खापर केटरिंगच्या इग्निशनवर फुटलं. त्यांनी शोध घेतला. दोष निघाला पेट्रोलमध्ये. पण १९२१ मध्ये त्यांच्या टीमने शोधलेलं औषध होतं शिसं. १९२४ मध्ये ते बनवणारे कामगार दगावले, तरी केटरिंग शिशाच्याच बाजूने राहिले. ते १९५८ मध्ये गेले. भारतातलं शिसंवालं पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं.

पद्मिनीत पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट जरूर बसवा, टायमिंगही पुन्हा तपासा. फक्त गाडी झकास पळाली म्हणून थांबू नका. सायलेन्सरमागे कोण उभं आहे, तेही बघा.