लोकसभेचे पहिले सभापती : कै. दादासाहेब मावळंकर

परप्रांतातील मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखादे चरित्र निवडावयाचे झाले, म्हणजे आपली दृष्टी साहजिकच संत, वीर, कवी अथवा नटवर्य यांच्याकडे वळते. आम्ही येथे बुद्ध्याच एका सभापतींचे चरित्र निवडले आहे. मंडळाची शोभा गणेशोत्सवाने, नाटकांनी आणि हळदीकुंकवाने वाढते, हे खरेच. परंतु त्याचे आयुष्य वार्षिक सर्वसाधारण सभेत ठरते. तेथे ठराव मांडला जातो, मतभेद होतो, हात वर होतात व मोजणी होते. ज्यांची बाजू पडली ते सभासद पुढील सभेस सतरंजीवर येऊन बसतात की नाही, यावर सारे अवलंबून असते. सरकारी नोकरीतील बदल्यांमुळे आम्हांस अनेक शहरांतील मंडळांचा परिचय घडला. वर्गणी, सभागृहाचे भाडे किंवा कार्यकारिणीची निवड अशा एखाद्या साध्या विषयावरील मतदानानंतर एका मंडळाची दोन झालेली आम्ही पाहिली आहेत. मूठभर मराठी घरे असलेल्या गावी ही हानी भरून येण्यास एक पिढी लागते. म्हणूनच, ज्या मराठी माणसाने साऱ्या देशाला सभा चालविण्याची रीत घालून दिली, त्याचे स्मरण सुवर्णमहोत्सवी वर्षी उचित ठरेल, असे आम्हांस वाटते.

गणेश वासुदेव मावळंकर यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावचे. त्यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोदे येथे झाला. प्रारंभीचे शिक्षण राजापूर व इतर गावी झाल्यावर १९०२ साली ते पुढील शिक्षणासाठी अहमदाबादेस आले आणि तेच त्यांचे गाव झाले. १९०८ साली गुजरात कॉलेजातून ते बी. ए. झाले. १९१२ साली कायद्याची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण होऊन पुढील वर्षी त्यांनी अहमदाबादेत वकिली सुरू केली. घरी मराठी आणि बाहेर गुजराती हा त्यांचा नित्यक्रम आपणां परप्रांतीयांस परिचयाचा वाटेल. मात्र ज्या भूमीत आपण राहिलो तिची भाषा त्यांनी केवळ व्यवहारापुरती ठेवली नाही. तुरुंगात भेटलेल्या कैद्यांच्या कथा सांगणारे त्यांचे ‘मानवतानां झरणां’ हे पुस्तक त्यांनी गुजरातीतच लिहिले. गुजरातेने त्यांना दादासाहेब या मराठी नावानेच हाक मारली, यात दोन्ही बाजूंचे मोठेपण आहे.

सार्वजनिक कार्यात त्यांचा प्रवेश झाला तो चिटणीस म्हणून. १९१६ साली ते गुजरात सभेचे चिटणीस झाले आणि खेडा सत्याग्रहाच्या काळात महात्माजी व वल्लभभाई पटेल यांच्या सहवासात आले. चिटणीसाचे काम ज्यांनी केले असेल त्यांना ठाऊकच आहे की, सभेची सूचनापत्रे वेळेवर धाडणे, विषयपत्रिका आखणे व इतिवृत्त नीट लिहिणे यांतच निम्मे भांडण मिटते. १९१९ साली ते अहमदाबाद नगरपालिकेवर निवडून आले आणि पुढे १९३० ते १९३३ व १९३५-३६ या काळांत तिचे अध्यक्ष झाले. मधल्या वर्षांत स्वातंत्र्यलढ्यातील कारावासही घडले. सारे मिळून सुमारे सहा वर्षे त्यांनी तुरुंगात काढली.

१९३७ साली मुंबई विधानसभेने त्यांना सभापती निवडले. मराठी, गुजराती व कानडी अशा तीन भाषांचे जिल्हे त्या प्रांतात एकत्र नांदत होते. इकडे तत्कालीन मद्रास प्रांताच्या विधानसभेत त्याच वर्षी बुलुसू सांबमूर्ती सभापतिपदी आले. परक्या राजवटीने दिलेल्या अपुऱ्या अधिकारांतून स्वतःच्या सभागृहाची रीत कशी घडवावी, हा दोघांपुढील प्रश्न एकच होता.

दादासाहेबांची खरी कसोटी लागली ती १९४६ च्या जानेवारीत. दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळाच्या अध्यक्षपदासाठी काँग्रेसने त्यांना उभे केले. समोर सर कावसजी जहांगीर होते. काँग्रेस हा सर्वांत मोठा पक्ष असला तरी त्याला स्वतःचे बहुमत नव्हते. सरकारनियुक्त सभासद आणि मुस्लिम लीग यांचा कल विरुद्ध बाजूस होता. २४ जानेवारी रोजी मतदान झाले. मावळंकरांना ६६ मते पडली आणि सर कावसजींना ६३. अवघ्या तीन मतांनी लाभलेली ती खुर्ची होती. जवळजवळ निम्मे सभागृह विरोधात असताना अध्यक्षाने वागावे कसे, याचे उत्तर त्यांना प्रत्यही द्यावे लागले. ते शेवटपर्यंत काँग्रेसचेच राहिले व तसे त्यांनी लपविले नाही. पण सभापतीने पक्षाच्या दैनंदिन राजकारणापासून दूर राहिले पाहिजे आणि खुर्चीवर बसल्यावर कोणाचाही कैवार घेता कामा नये, असा त्यांचा दंडक होता.

१४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री ते विधिमंडळ संपुष्टात आले. आता घटना परिषदेकडे दोन कामे आली : देशाची घटना लिहिणे आणि नित्याचे कायदे करणे. एकाच सभेने ही दोन कामे कशी करावीत, हे ठरविण्यासाठी मावळंकरांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. दोन्ही कामांच्या बैठका स्वतंत्र असाव्यात, असा मार्ग तिने सुचविला. त्याप्रमाणे घटनेच्या बैठकीत डॉ. राजेंद्रप्रसाद अध्यक्षस्थानी राहिले आणि कायदे करणाऱ्या बैठकीचे सभापती म्हणून १७ नोव्हेंबर १९४७ रोजी मावळंकर निवडले गेले. कोणती सभा कोणत्या कामासाठी भरली आहे, हे आधी निश्चित करावे, हा धडा लहानमोठ्या सर्व संस्थांस लागू आहे. देणग्यांसाठी बोलाविलेल्या सभेत ऐनवेळी नियमावलीच बदलावयास निघालेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर १५ मे १९५२ रोजी लोकसभेने आपला सभापती निवडला. विरोधी पक्षांनी शेतकरी कामगार पक्षाचे शंकर शांताराम मोरे यांचे नाव सुचविले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेत सभापतिपदाची लढत अशी दोन मराठी भाषकांत झाली! मावळंकरांच्या बाजूने ३९४ मते पडली, विरुद्ध ५५. सहा वर्षांपूर्वी तीन मतांनी निवडून आलेल्या गृहस्थांस हे बहुमत लाभले. परंतु प्रचंड बहुमत हीदेखील सभापतीपुढील अडचणच असते. ४८९ निवडलेल्या जागांपैकी ३६४ जागा एकट्या काँग्रेसच्या होत्या. अशा सभेत विरोधकांचा आवाज ऐकू यावा कसा?

मावळंकरांनी त्यासाठी नियमांचा आधार उभा केला. बैठकीचा पहिला तास प्रश्नोत्तरांसाठी राखला गेला. अल्पसूचनेचे प्रश्न व अर्ध्या तासाची चर्चा यांना स्थान मिळाले. सभागृहाचा वेळ कसा वाटावा हे ठरविण्यासाठी कामकाज सल्लागार समिती आली. मंत्र्यांनी दिलेली आश्वासने पाळली गेली की नाही हे तपासणारी समिती आली. सरकारी खर्चाची छाननी करणारी अंदाज समिती तर १९५० सालीच अस्तित्वात आली होती. दुसऱ्या बाजूने, स्थगन प्रस्तावाला त्यांनी आवर घातला. परक्या सरकारला धारेवर धरण्याचे ते हत्यार होते; आता सरकार सभागृहाला जबाबदार असून चर्चेचे इतर मार्ग मोकळे आहेत, तेव्हा हा प्रस्ताव अपवादानेच यावा, असा निर्णय त्यांनी १९५० साली दिला. त्याच न्यायाने त्यांनी सरकारलाही सोडले नाही. अधिवेशनाच्या वेळेची वाट न पाहता वटहुकूम काढण्याच्या प्रवृत्तीबद्दल त्यांनी १९५० आणि १९५४ साली सरकारला लेखी आक्षेप कळविले. सभासदांना डावलून कार्यकारिणीने परस्पर निर्णय घेणे त्यांना मान्य नव्हते, असे आपण आपल्या भाषेत म्हणू.

मतदानाविषयीची रीतही येथे सांगावयास हवी. सूचक ठराव मांडतो, चर्चा होते; उपसूचना आली असेल तर आधी तिच्यावर मते घेतली जातात आणि मग मूळ ठरावावर. सभापती प्रथम आवाजी कौल घेतात. कोणी आव्हान दिले तर विभागणी होऊन मते मोजली जातात. घटनेच्या १०० व्या कलमान्वये सभापती आरंभी मत देत नाहीत; मते समसमान पडली तरच निर्णायक मत देतात. तेही आपल्या आवडीप्रमाणे देऊ नये, तर शक्यतो प्रश्न पुढील विचारासाठी खुला राहील असे द्यावे, हा जुना संकेत आहे. ज्या बदलाला सभेत बहुमत मिळालेले नाही, तो अध्यक्षाने एकट्याच्या मताने लादू नये, हे त्यामागील तत्त्व. अनेक मंडळांच्या नियमावलीत निर्णायक मताचा अधिकार आहे. हा संकेत मात्र क्वचितच लिहिलेला आढळतो.

एवढे करूनही त्यांच्यावर ठपका आलाच. सभापतींचा निःपक्षपातीपणा सुटला असा आक्षेप घेऊन १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव विरोधी सभासद विघ्नेश्वर मिसिर यांनी मांडला. अशा वेळी सभापतीने स्वतः सभा चालवू नये, असे घटना सांगते. खुर्चीवर उपसभापती अनंतशयनम् अय्यंगार बसले. हे तिरुपतीकडील गृहस्थ; त्यांचे पदवीपर्यंतचे शिक्षण आपल्या या चेन्नईतील पचय्यप्पा कॉलेजात व कायद्याचे शिक्षण येथील लॉ कॉलेजात झाले होते. आपल्याच ज्येष्ठ सहकाऱ्याविरुद्धचा ठराव त्यांनी रीतसर चर्चेस घेतला. पंतप्रधान नेहरूंनी आपल्या पक्षाच्या सभासदांना पक्षादेशातून मोकळे केले. हा सभागृहाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न असून प्रत्येकाने आपल्या बुद्धीने मत द्यावे, अशी त्यांची भूमिका होती. सुमारे दोन तासांच्या चर्चेअंती ठराव फेटाळला गेला. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते असे की, खुद्द सभापतींविरुद्धची तक्रारही सभागृहातच, नियमाने, सर्वांसमक्ष ऐकली गेली. ठराव हरल्यावरही तक्रारदारांची बाके त्याच सभागृहात राहिली आणि दादासाहेब पुन्हा त्याच खुर्चीवर बसले.

२७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबाद येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. ते अखेरपर्यंत सभापती होते. त्यांच्या मागून ते पद अय्यंगार यांच्याकडे आले. दादासाहेबांच्या रिक्त जागेवर त्यांच्या पत्नी सुशीलाबाई लोकसभेत गेल्या आणि पुढे १९७२ साली चिरंजीव पुरुषोत्तम मावळंकरही अहमदाबादेहून निवडून आले. नेहरूंनी त्यांना लोकसभेचे जनक मानले होते. दिल्लीतील मावळंकर सभागृह हे त्यांचे दृश्य स्मारक.

आमच्या मंडळाचा पन्नास वर्षांचा संसार थोड्याच कुटुंबांचा आहे. येथे ज्याच्या विरुद्ध सकाळी मत द्यावे त्याच्याच घरी संध्याकाळी आरतीला जावे लागते. अशा ठिकाणी नियम म्हणजे परकेपणा, घरच्या माणसांत कसले ठराव आणि कसली मोजणी, असे काही सभासदांना वाटते. आमचे मत याउलट आहे. घरच्या माणसांतच मन लवकर दुखावते. सूचनापत्र वेळेवर गेले, उपसूचना ऐकून घेतली, मोजणी उघड झाली आणि विरुद्ध पडलेली मते इतिवृत्तात प्रामाणिकपणे नोंदली गेली, तर हरलेल्या सभासदास आपण हरलो असे वाटते, फसविले गेलो असे वाटत नाही. आणि तो पुढील वर्षी आपला ठराव पुन्हा घेऊन येतो. तो यावा, एवढ्यासाठीच दादासाहेब मावळंकरांनी आयुष्य वेचले. मंडळाच्या नव्या कार्यकारिणीने नियमावलीची एकेक प्रत प्रत्येक घरी पोहोचवावी, ही विनंती करून आम्ही त्या थोर सभापतींच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करतो.