मौलाना आझाद यांची जिव्हाळ्याची माणसे

स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांचे नाव आपल्या शाळांतील प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. ‘अल् हिलाल’चे संपादक, काँग्रेसचे अध्यक्ष, कुरआनचे भाष्यकार ही त्यांची ओळखही पुस्तकांतून होते. परंतु पती आणि मित्र म्हणून मौलाना कसे होते, हे फार थोड्यांना माहीत असते.

मौलानांचा जन्म १८८८ साली मक्केत झाला. पुढे त्यांचे कुटुंब कलकत्त्यास स्थायिक झाले. लहान वयातच त्यांचा विवाह झुलेखा बेगम यांच्याशी झाला. स्वातंत्र्यलढ्यात मौलानांची सुमारे दहा वर्षे तुरुंगात व नजरकैदेत गेली. त्यातला बराच काळ बेगमसाहेबांनी पतीवाचून काढला. १९२२ साली मौलानांना एक वर्षाची शिक्षा झाली, तेव्हा ही शिक्षा अपेक्षेपेक्षा कमीच आहे आणि पतीचे काम मी पुढे चालवीन, असे या माउलीने गांधीजींना कळविले. अशी ही जोडी होती.

ऑगस्ट १९४२ मध्ये मौलाना मुंबईच्या अधिवेशनासाठी निघाले, तेव्हा बेगमसाहेबांची प्रकृती आधीच खालावलेली होती. त्या निरोप द्यायला दारापर्यंत आल्या. तीच त्यांची शेवटची भेट ठरली. ‘छोडो भारत’चा ठराव मंजूर झाला आणि ९ ऑगस्टच्या पहाटे अटकसत्र सुरू झाले. मौलाना, पंडित नेहरू, सरदार पटेल, शंकरराव देव आदी नेत्यांना अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यात ठेवण्यात आले.

किल्ल्यात मौलाना पहाटेच उठत, स्वतः चहा करीत आणि लिहावयास बसत. ते पत्रे लिहीत होते आपल्या जुन्या स्नेह्याला, नवाब हबीबुर्रहमान खाँ शेरवानी यांना. शेरवानीसाहेब वयाने वीसएक वर्षांनी मोठे, विद्याव्यासंगी आणि राजकारणापासून दूर राहणारे गृहस्थ होते. दोघांचे मार्ग वेगळे होते, तरी स्नेहात कधी उणेपणा आला नाही. पत्रे बाहेर पाठविण्याची सोय नव्हती. ती लिहून फाइलीत ठेवली जात. त्यांत चहा होता, खोलीतील चिमण्या होत्या, संगीत होते, इतिहास होता.

१९४३ च्या सुरुवातीस बेगमसाहेबांचा आजार बळावला. सरकारकडे काही मागणे असल्यास ते ताबडतोब कळवू, असे तुरुंगाधिकाऱ्यांनी सुचविले. नेहरूंनीही त्यांच्याशी याविषयी बोलणे केले. मौलानांनी नकार दिला. ज्या सरकारशी लढा चालू होता, त्याच्याकडे स्वतःसाठी सवलत मागणे त्यांच्या मनाला पटले नाही. त्यांनी आपला दिनक्रम मोडला नाही. जेवणाच्या वेळा चुकविल्या नाहीत. ९ एप्रिल रोजी बेगमसाहेबांच्या इंतकालाची बातमी आली.

सहकाऱ्यांना मौलाना शांत दिसत होते. परंतु दोनच दिवसांनी त्यांनी शेरवानीसाहेबांना पत्र लिहिले. बाहेरची शांतता टिकविण्यासाठी मनाला किती झगडावे लागले, वर्तमानपत्र येण्याच्या वेळी काळीज कसे धडधडे, हे सारे त्यांनी त्यात मोकळेपणाने सांगितले. जे सरकारपुढे उघड केले नाही, सोबत्यांनाही दाखविले नाही, ते दूरच्या मित्रापाशी बोलले. तेही पत्र त्याच्या हाती पडणार नाही हे ठाऊक असताना.

जून १९४५ मध्ये सुटका झाल्यावर ते कलकत्त्यास परतले. स्टेशनवर लोकांनी हारांचा वर्षाव केला. घरी जाण्यापूर्वी मौलाना थेट कबरस्तानात गेले, त्यांतलाच एक हार बेगमसाहेबांच्या कबरीवर ठेवला आणि फातिहा पढला. तुरुंगातील ती पत्रे १९४६ साली ‘गुबारे खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. आज तो उर्दू गद्याचा ठेवा मानला जातो. १९५८ साली मौलाना पैगंबरवासी झाले.

विद्यार्थी मित्रांनो, कर्तव्यासाठी मन घट्ट करणारा माणूस भावनाशून्य नसतो. दुःख गिळावे लागले तरी ते सांगण्यासाठी एखादा शेरवानी जोडून ठेवावा. पालकांनीही लक्षात घ्यावे की, शिक्षणासाठी दूर गेलेले मूल खुशाली कळविते तेव्हा त्याच्या मनातले सगळेच त्यात येत नाही. तेवढे ओळखणारे माणूस आपण त्याच्यासाठी व्हावे.